अमेरिकेची ‘नोटीस’ आणि आय-९४ ची तारीख

मा. संपादक,

व्हिसाच्या बातम्या तुम्ही नेहमी देता, मागे ते नोकरीवाल्यांच्या एच-वन-बी व्हिसाच्या एक लाख डॉलर फीचं पण भरपूर आलं होतं, पण मुलांकडे जाणाऱ्या आमच्यासारख्या आईवडिलांना लागतं ते कुठेच सापडत नाही म्हणून लिहितेय.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो. पासपोर्टवर १० वर्षांचा व्हिसा, एजंट म्हणाला आता १० वर्षं बघायला नको, आम्ही पण तेच धरून चाललो. पण व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची परवानगी हो, आत किती दिवस राहायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो आणि ती तारीख असते आय-९४ वर, म्हणजे आपण देशात आल्याची सरकारी नोंद, बहुतेकांना सहा महिने. आधी त्याचा कागद पासपोर्टला लावून द्यायचे, २०१३ पासून एअरपोर्टवर तो बंद झाला, आता सरकारी साइटवर पासपोर्ट नंबर टाकून आपणच बघायचं. जावयांनी पाचव्या महिन्यात सहज बघितलं म्हणून आम्हाला कळलं!

बाळ नाजूक होतं, थांबणं भाग होतं, मग तारीख संपायच्या आत मुदत वाढवायचा आय-५३९ फॉर्म भरला. काही दिवसांनी पाकीट आलं, कागदावर ‘नोटीस ऑफ ॲक्शन’. आपल्याकडे नोटीस म्हणजे कोर्टाची नाहीतर बँकेची, ह्यांच्या घशाखाली घास उतरेना, म्हणे बॅगा भरा. लेकीने शेजारी बसून ओळ न ओळ वाचून दाखवली तेव्हा कळलं की अर्ज पोचल्याची ती पावती, तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर, आणि ह्या कागदाने कुठलाही हक्क मिळत नाही हेही त्यावरच छापलेलं. कोर्टात बोलावतात ती ‘नोटीस टू अपिअर’, ती वेगळी, ती आली तर मात्र लगेच वकील गाठायचा.

मुदतवाढीचा अर्ज न करता तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलं तरी तो १० वर्षांचा व्हिसा बाद. १८० दिवसांच्या वर राहून निघालं तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष भरलं तर १० वर्षं. सत्तरीच्या माणसाला १० वर्षं म्हणजे नातवंडं परत दिसतील का हो?

तर पुरवणीत एक चौकट द्या, आय-९४ कुठे बघायचं, मुदत कशी वाढवायची, कुठल्या नोटिशीचा अर्थ काय, साध्या मराठीत आणि जरा मोठ्या टाइपात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

– एक आजी, नाशिक