आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही

लाइपझिग, ११ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

बाबा, रविवारी फोनवर तुमचा आवाज चढला आणि मी विषय बदलला. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहिते. पत्रात तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही, एवढा फायदा मी घेणार आहे. आई, तू हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि मध्ये चहाला उठू नकोस.

आपल्या घरी दर शुक्रवारी भरणाऱ्या प्रार्थनासभेविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज गेला आणि त्यावर शेजारच्या काकांचीही सही निघाली, हे ऐकल्यापासून माझंही मन ठिकाणावर नाही. ज्या माणसाला छातीत कळ आली तेव्हा तुम्ही मध्यरात्री रिक्षा काढून दवाखान्यात नेलंत, त्यानेच लिहून द्यायचं की या घरात बाटवाबाटवी चालते! तुम्हाला लागलं ते लागणारच. पण त्यानंतर सभेत कशा प्रार्थना होऊ लागल्या आहेत, ते आईने मला सांगितलं. अर्जावरच्या माणसांची नावं घ्यायची आणि देवाचा हात त्यांच्यावर पडू दे म्हणायचं. ‘हे आत्मिक युद्ध आहे, समोर सैतानाची फौज उभी आहे,’ असं तुम्ही मलाही म्हणालात. बाबा, युद्ध आहे हे मी मानते. काका त्या फौजेतले आहेत, हे मात्र मी मानणार नाही.

इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय मला तुम्हीच पाठ करायला लावला होता. ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’, हे पौल आधी सांगतो. ढाल, शिरस्त्राण, तलवार हे सगळं त्यानंतर येतं. आणि हे लिहिताना तो बेड्यांत होता. ज्या शिपायांच्या पहाऱ्यात तो होता, ते रक्तमांसाचेच होते, रोज डोळ्यांसमोर दिसत होते. तरी त्याने त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हाच शत्रू’ असं म्हटलं नाही. वर पुढे विनंती काय करतो, तर मला धैर्याने बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. शिपायांचं वाटोळं व्हावं, असं तो मागत नाही.

हे मला नव्याने उमगलं ते या गावात राहून. परवा ९ ऑक्टोबर होता. दर वर्षी त्या संध्याकाळी इथल्या आउगुस्टुस चौकात लोक मेणबत्त्या लावून ‘८९’ हा आकडा तयार करतात. मीही गेले होते. वारा होता, म्हणून एका हातात मेणबत्ती आणि दुसरा हात ज्योतीभोवती. १९८९च्या त्या दिवसांबद्दल इथल्या निकोलाय चर्चचे पाळक ख्रिस्तियान फ्यूरर हेच सांगत : मेणबत्तीला दोन्ही हात लागतात, मग दगड उचलायला हात उरतच नाही.

त्या काळची गोष्ट तुम्हाला सविस्तर सांगते, कारण इथल्या ख्रिस्ती मंडळीवर राज्य करणारं सरकार खरोखरच विरोधी होतं. हे गाव तेव्हा कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होतं. तिथे ख्रिस्ती असणं हा गुन्हा नव्हता, पण त्याची किंमत मोजावी लागायची. चौदा वर्षांच्या मुलांना सरकारी दीक्षेचा सोहळा असे, त्यात राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. जो तिला नकार देऊन चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याचा विधी, घ्यायचा, त्याचं पुढचं शिक्षण अनेकदा तिथेच अडायचं. हुशार मुलगा, पण विद्यापीठाचं दार बंद. ३० मे १९६८ला इथलं विद्यापीठाचं चर्च सुरुंग लावून पाडलं. तेराव्या शतकातली ती इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांतूनही वाचली होती. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला नवा समाजवादी चौक हवा होता, म्हणून भर शांततेच्या काळात ती गेली. १९५०च्या सुमाराला त्या देशात दहांतली नऊ माणसं स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. चाळीस वर्षांनी तिघांतलं एखादंच उरलं. आकडेच पाहायचे तर सैतान जिंकला होता, असंच कोणीही म्हणालं असतं.

आणि पाळत! स्टासी या गुप्त पोलीस खात्यात शेवटी ९१ हजार माणसं पगारावर होती, खबरे वेगळे. इथलं त्यांचं जुनं कार्यालय आता संग्रहालय आहे. तिथे लोकांची पत्रं वाफेने उघडून पुन्हा चिकटवण्याची यंत्रं ठेवली आहेत. माणसांच्या अंगाचा वास फडक्यात धरून बंद केलेल्या काचेच्या बरण्या आहेत, कुत्र्यांना माग काढता यावा म्हणून. मी त्या बरण्यांपुढे बराच वेळ उभी होते. तुमची शुक्रवारची सभा मनात येत होती, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि तुमची पेटी.

या असल्या राज्यात १९८२पासून निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना सुरू झाली. कित्येक सोमवारी मूठभरच माणसं असत. त्याच सुमारास चर्चमधल्या तरुणांच्या बाहीवर एक गोल बिल्ला दिसू लागला : तलवारीचा फाळ करणारा लोहार आणि खाली बायबलमधल्या मीखा ४चा दाखला. चित्र कशाचं होतं माहीत आहे? खुद्द सोव्हिएत संघाने १९५९मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिलेल्या पुतळ्याचं. कागदावर काही छापायचं तर सरकारी परवाना लागे, कापडावर लागत नसे. म्हणून चर्चच्या लोकांनी तो कापडावर छापून घेतला. मग त्यावरही बंदी आली. पोलीस रस्त्यात मुलांना गाठून बिल्ले काढायला लावत. काही मुलांनी बिल्ला तर काढला, पण जॅकेटला तेवढंच गोल भोक ठेवून फिरू लागली. मला हे फार आवडतं. खोटं बोलायचं नाही, हात उगारायचा नाही आणि नमतंही घ्यायचं नाही. ‘सत्याने कंबर कसा’ असं पौल म्हणतो ते याहून वेगळं काय असणार?

आता नावांबद्दल. ११ सप्टेंबर १९८९ला सोमवारच्या प्रार्थनेतून बाहेर पडणाऱ्या अनेकांना पोलिसांनी धरलं. त्यानंतर चर्चच्या खिडकीत अटक झालेल्यांची नावं लागली, लोक तिथे फुलं ठेवू लागले आणि आत त्या नावांनी प्रार्थना होऊ लागली. बाबा, तुमच्या सभेत नावं घ्यायचीच असतील तर अशी घ्या. आपल्या देशात आज कितीतरी जण कोर्टाच्या तारखांवर तारखा मोजत आहेत, ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली ज्या ख्रिस्ती लोकांची घरं जळली तीही माणसं आहेत. त्यांच्यासाठी गुडघे टेका. तुमची तासभराची प्रार्थना काकांवर खर्च करून सैतानाचं काय बिघडणार? त्याला तर तेच हवंय.

९ ऑक्टोबरचा सोमवार उजाडला तेव्हा गावात सगळ्यांना रक्तपाताची भीती होती. जूनमध्ये बीजिंगला निदर्शकांवर रणगाडे फिरले होते आणि पूर्व जर्मन पुढाऱ्यांनी चीनची पाठ थोपटली होती. तीन दिवस आधी इथल्या वर्तमानपत्रात एका निमलष्करी तुकडीच्या प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं की, वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन ही निदर्शनं थांबवू. दुपारपासून निकोलाय चर्च भरायला लागलं, पण कोणाकडून? पक्षाने आपली शेकडो माणसं आधीच पाठवून बाकं अडवली होती, म्हणजे इतरांना जागाच मिळू नये. फ्यूररसाहेबांनी काय करावं? त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं. चर्चच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं ‘सर्वांसाठी खुले’, आणि त्यात अपवाद नव्हता. वरचे सज्जे मात्र त्यांनी राखून ठेवले, कामावरून सुटून येणाऱ्यांसाठी. आणि मग जी माणसं हेरगिरी करायला बसली होती, त्यांच्याच कानांवर प्रभूचं वचन पडलं. स्टासीचे लोक तर सोमवारमागून सोमवार तिथे येऊन बसत आणि नोंदी करता करता डोंगरावरचं प्रवचन ऐकत. फ्यूरर नंतर म्हणत की, ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ हे या माणसांना एरवी कुठे ऐकायला मिळालं असतं?

प्रार्थना संपून लोक बाहेर आले तेव्हा आसपास सुमारे ८ हजार पोलीस, सैनिक आणि निमलष्करी जवान तैनात होते. समोर ७० हजार लोक, हातांत मेणबत्त्या. गावाच्या रिंगरोडवरून ते चालत गेले, स्टासीच्या त्या कार्यालयावरूनही. ‘हिंसा नको’ असा पुकारा. एकही गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

यात फक्त चर्चचंच श्रेय होतं असं मी म्हणणार नाही. राज्य आतून पोखरलेलं होतं, मॉस्कोत गोर्बाचेव्ह होते, गेवांडहाउस या इथल्या वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मासूर यांनी त्या संध्याकाळी पक्षाच्याच तीन जणांना बरोबर घेऊन शांततेचं आवाहन ध्वनिक्षेपकांवरून वाचलं. म्हणजे ‘सैतानाच्या फौजेतली’ तीन माणसं ऐन वेळी या बाजूला येऊन उभी राहिली. त्यांना आधीच शाप देऊन मोकळं झालेल्या मंडळीकडे ती आली असती का? आणि उलटही घडलं. १९९२मध्ये स्टासीच्या फायली लोकांना पाहायला मिळाल्या, तेव्हा खबऱ्यांत चर्चची माणसंही निघाली. वेदीजवळ उभी राहणारी. काळोख आणि उजेड यांची रेघ दोन गटांच्या मधून जात नसते. आपल्या शुक्रवारच्या खोलीतूनही ती जाते, बाबा, आणि माझ्या मनातूनही.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, सरकार आपल्या बाजूचं असतं तर हे दिवस आले नसते. याच देशाने तेही पाहिलंय. हिटलर आला तेव्हा स्वतःला ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्यांनी आनंदाने त्याचा झेंडा वेदीपाशी नेला आणि यहुदी वंशाच्या पाळकांना मंडळीतून काढा म्हणाले. १९३४च्या मे महिन्यात बार्मेनला जमलेल्या, त्यांना विरोध करणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं की, येशू ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाला आम्ही देवाचं वचन मानणार नाही. पाळक डीट्रिश बोनहोफर त्याच चळवळीतले; ९ एप्रिल १९४५ला त्यांना फाशी दिलं. लाडावलेली मंडळी छळलेल्या मंडळीपेक्षा मला जास्त धोक्यात वाटते.

‘जर्मनीच्या गोष्टी तिकडे ठेव’ असं तुम्ही म्हणाल. मग आपल्याकडचीच सांगते. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या जीपमध्ये जिवंत जाळलं, सोबत त्यांची मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि त्या पुढची काही वर्षं तिथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. कायद्याने आपलं काम केलं, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही आणि खटला चालला म्हणून क्षमा खोटी ठरली नाही.

म्हणून अर्जाच्या बाबतीत घाबरू नका आणि स्वस्थही बसू नका. वकील करणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, हे जे कोणी सभेत म्हणालं त्याला प्रेषितांची कृत्ये उघडायला सांगा. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचं ठणकावून सांगितलं आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. आपल्याला तर धर्मस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम २५ आहे. पोलिसांनी बोलावलं तर एकटे जाऊ नका, पाळकसाहेब आणि वकील बरोबर असू देत. जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, अर्जाची प्रत मागून घ्या, न वाचता कशावरही सही करू नका. फी मी पाठवते, त्यावर वाद नको.

सभा बंद करू नका. पण दार लावून घेऊन भरवू लागला आहात, ते मला पटत नाही. पूर्वीसारखं उघडं ठेवा, भजनं रस्त्यावर ऐकू जाऊ देत. ज्यांना आपण आत काय करतो याची शंका आहे, त्यांनी उंबऱ्यात उभं राहून खुशाल ऐकावं. आणि काकांकडे दिवाळीला आई दर वर्षी जाते तशीच यंदाही जाऊ दे, तिला अडवू नका. तुम्हाला जायला जमणार नाही, हे मला माहीत आहे. जखम ओली आहे. सहीबद्दल त्यांना तोंडावर विचारायचं असेल तर जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्यांच्यावर दडपण आलं असेल, त्यांना भीती वाटली असेल किंवा त्यांना खरंच तसं वाटतही असेल. विचारल्याशिवाय ते कळायचं नाही.

आई, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालू ठेव, फक्त तेल चोळून भागणार नाही. नाताळला मी येतेय, तिकीट काढलं आहे.

बाबा, उत्तर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहा. माझं चुकत असेल तर शास्त्रातून दाखवा. रागावून फोन ठेवलात तर ते उत्तर मी धरणार नाही.

तुमची लेक