‘स्वप्ने’ हे केवळ भीतीचे नाटक नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महायुद्धोत्तर जर्मन साहित्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ग्युंटर आइश यांच्या ‘ट्रॉयमे’, म्हणजे ‘स्वप्ने’, या नभोनाट्याची दोन ओळींत बोळवण झाली आणि त्या दोन ओळींतही त्याची नोंद अणुयुद्धाच्या धास्तीचे नाटक अशी झाली, याची खंत वाटून हे पत्र लिहीत आहे. त्या नाटकात भीती आहे हे खरे; पण ती श्रोत्याला जागे करण्यापुरती आहे. त्याचा खरा विषय म्हणजे एवढा मोठा संहार उरकून पाच-सहा वर्षांत पुन्हा निवांत झोपू लागलेला समाज.

१९ एप्रिल १९५१ रोजी वायव्य जर्मन रेडिओच्या हॅम्बुर्ग केंद्राने ते प्रसारित केले. जून १९४८ मध्ये नवा मार्क चलनात आल्यापासून पश्चिम जर्मनीतील दुकाने पुन्हा भरली होती, आणि नाझी राजवटीच्या आणि युद्धाच्या काळात आपण कुठे होतो, काय पाहिले, हा प्रश्न घरातल्या घरातही टाळला जात होता. अशा घरांमध्ये त्या संध्याकाळी एकामागून एक पाच दुःस्वप्ने ऐकू आली. प्रत्येक स्वप्नाआधी ते पाहणाऱ्याचे नाव, गाव आणि रात्रीची तारीख एखाद्या दप्तरातील नोंद वाचावी तशा सपाट सुरात सांगितली जाते. पहिले स्वप्न गुटर्स्लो येथे राहणाऱ्या, मूळच्या पोमेरानियातील (युद्धानंतर पोलंडकडे गेलेल्या पूर्वेकडील प्रांतातील) एका कुलुपे-किल्ल्या बनवणाऱ्या कारागिराचे आहे.

या पहिल्या स्वप्नाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे नाटक त्यात आहे. धावत्या मालगाडीच्या बंद, अंधाऱ्या डब्यात एक कुटुंब कित्येक वर्षे कोंडलेले आहे. म्हाताऱ्या जोडप्याला बाहेरचे जग आठवते. म्हातारा पिवळ्या रानफुलांबद्दल बोलतो. डब्यातच वाढलेल्या नातवाचा पिवळ्या रंगावर विश्वास नाही आणि अशा गोष्टी ऐकून तो चिडतो. मग डब्याच्या भिंतीला एक बारीक भोक सापडते, उजेडाची तिरीप आत येते, एकेक जण डोळा लावून बाहेर पाहतो. बाहेर दिसते ते इतके अनोळखी आणि भयंकर असते की ते भोक बुजवून टाकतात. गाडीचा वेग मात्र वाढत जातो. नाझी काळात बंद मालडब्यांतून माणसे कुठे नेली गेली, हे १९५१ साली ऐकणाऱ्या कोणत्याही प्रौढ माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते. भोक बुजवण्याचा तो क्षण रंगमंचावर इतका अंगावर आला नसता असे मला वाटते, कारण रेडिओवर श्रोताही त्या कुटुंबासोबत अंधारातच बसलेला असतो.

त्या रात्री केंद्राकडे संतप्त श्रोत्यांचे फोन आले, नंतर पत्रेही आली. हा संताप त्या नाटकाच्या इतिहासातील किरकोळ किस्सा मानू नये अशी माझी विनंती आहे. चारच वर्षांपूर्वी, १३ फेब्रुवारी १९४७ रोजी, याच हॅम्बुर्ग केंद्रावरून वोल्फगांग बोर्शर्ट यांचे ‘दाराबाहेर’ हे नाटक प्रसारित झाले होते. त्यातला युद्धावरून परतलेला सैनिक बेकमान, आपल्या हाताखाली गमावलेल्या अकरा जणांची जबाबदारी परत करायला आपल्या कर्नलच्या घरी जातो. तिथे दोषी समोर उभा होता, आणि तो वरिष्ठ अधिकारी होता. श्रोत्याला सैनिकाच्या बाजूने उभे राहता येत होते. आइश यांनी ही सोय ठेवली नाही. स्वप्नांच्या अधेमध्ये येणाऱ्या कवितांतून ते थेट ऐकणाऱ्याशी बोलतात: जे जे घडते त्याच्याशी तुझा संबंध आहे, आणि मोठ्या विध्वंसानंतर प्रत्येक जण आपण निर्दोष होतो हे सिद्ध करील, याची आठवण ठेव.

आणि इथेच लेखातील दुसरी उणीव सांगणे भाग आहे. आइश यांनी नाझी राजवटीच्या काळात रेडिओसाठी भरपूर लेखन केले. १९४० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर त्यांनी लिहिलेले नभोनाट्य ब्रिटिशविरोधी प्रचाराचा भाग होते. १९९० च्या दशकात ते नाटक पुन्हा चर्चेत आले तेव्हा जर्मनीत मोठा वाद झाला. यामुळे ‘स्वप्ने’ खोटे ठरते असे मी मानत नाही. आपण निर्दोष होतो असे म्हणणाऱ्यांविषयीची ती ओळ लिहिणारा माणूस स्वतःही त्यांच्यातच उभा होता, हे कळल्यावर ती ओळ मला अधिक जड वाटू लागली. परंतु हे वाचकाला माहीत असले पाहिजे. आपल्या लेखमालेच्या पुढील भागात ‘स्वप्ने’ला स्वतंत्र जागा द्यावी, आणि ती देताना १९४० च्या नाटकाचाही उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक