लोणी कुणी नेलं?

कॉर्क, आयर्लंड

प्रिय सुनंदा,

इथल्या जुन्या बायका लोणी कसं काढत, असं तू विचारलंस. रीत सोपी गं. वर निमुळतं होत गेलेलं लाकडी पिंप आणि झाकणाच्या भोकातून खालीवर करायचा दांडा. पण माझा जीव अडकलाय तो त्याभोवतीच्या भीतीत: कुणीतरी चेटूक करून आपलं लोणी पळवेल, ही ती भीती.

घुसळण चालू असताना दारात कुणीही येवो, त्यानं ‘देव या कामाला यश देवो’ म्हणत दांड्याला हात लावायचाच. न लावता गेला, तर लोणीही त्याच्यामागे गेलं म्हणून समजा! तेवढा वेळ घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, शेजारी पाइप पेटवायला निखारा मागू लागला तरीही नाही. चेटूक टळावं म्हणून पिंपाला रोवन नावाच्या झाडाची डहाळी बांधत, बुडाला गाढवाचा नाल ठोकत.

सगळ्यात धास्ती १ मेच्या पहाटेची. दुसऱ्याच्या कुरणातलं दव कुणी फडक्यानं टिपून नेलं, की त्या घरचं वर्षभराचं लोणी गेलंच. शिवाय चेटकीण सशाचं रूप घेऊन गाईचं दूध पिते. माग काढणारा त्या सशाला जखमी करतो, रक्ताचे थेंब एका झोपडीपर्यंत जातात आणि आत म्हातारी जखम बांधत बसलेली असते. बायका सशाच्या रूपात दूध चोरतात ही समजूत बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकानं नोंदवलीय. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लोककथांच्या वह्या भरल्या, त्यांतही हा ससा आहेच.

साय फार गार किंवा फार कोमट असली तरी लोणी येत नाही. पण थर्मामीटर कुणाकडे होता? आणि घराचं भाडं भागायचं ते याच लोण्यावर. कॉर्कचा लोणीबाजार १७७० मध्ये उभा राहिला, पुढे जगातल्या मोठ्या लोणीबाजारांत गणला गेला. त्यामागे घरोघरच्या बायकांचे दुखरे खांदे होते. तासन्‌तास घुसळूनही लोणी आलं नाही, की कुणाचं तरी नाव घ्यावंच लागे. बहुधा एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं. तिच्या एकुलत्या गाईला चांगलं दूध असलं, तर तोच पुरावा! मला त्या म्हातारीबद्दल फार वाईट वाटतं, आणि रिकाम्या हातांनी पिंपाशी उभ्या असलेल्या घरधनिणीबद्दलही तितकंच.

तू आलीस की इथल्या शँडन भागातल्या लोणी-संग्रहालयात जाऊ. दलदलीत पुरलेलं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं लोणी तिथे ठेवलंय, तुला ते दाखवायचंच आहे. तिकीट काढलंस की लगेच कळव.

तुझी,
वैशाली