जंगलाच्या अभ्यासाला दोन वर्षं पुरत नाहीत

संपादक महोदय,

जंगलावर पीएचडी केलेली आपली मुलं परदेशात गेली की आपण हळहळतो, पण इथे त्यांना देतो काय? सरकारची नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, 2 वर्षांची, तेवढ्यात झाडाचा घेर टेपवर जेमतेम दिसेल एवढाच वाढतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने (आयआयएससी) 1988 मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात अभ्यासासाठी 50 हेक्टरचा प्लॉट आखला, 1 सेंमी जाडीच्या खोडालाही नंबर दिला, म्हणून आज कुठलं झाड हत्तीने मोडलं, कुठलं वणव्यात गेलं ते सांगता येतं. कोयना-चांदोलीच्या अंजनी-जांभळाच्या रानातही असंच काम व्हायला हवं, त्यासाठी विद्यापीठं आणि वनखात्याने मिळून निदान 5 वर्षांच्या पोस्टडॉक जागा काढाव्यात, आणि पैसे दर महिन्याला वेळेवर द्यावेत.

– एक वाचक, कराड