जाहिरातीचं टार्गेट बातमीदाराच्या गळ्यात नको

महोदय,

पत्रकार दिन आला की ‘छापील पेपरचं पुढं काय?’ यावर परिसंवाद होतात. १८३२ च्या ‘दर्पण’पासून सुरुवात होते आणि मोबाइलनं पेपर खाल्ला, इथं गाडी थांबते. मी कोल्हापुरात बातमीदारी करतो, वयानं तरुण आहे. माझी बातमी लोकांनी मोबाइलवर वाचली तर मला आनंदच आहे. काळजी वाटते ती तालुक्याच्या वार्ताहराची.

पावसाळ्यात एका रात्री मेसेज फिरला, ‘राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले, चिखली-आंबेवाडीकरांनो गाव सोडा.’ आमच्या वार्ताहरानं लगेच धरणावर फोन लावला. सातपैकी दोनच स्वयंचलित दरवाजे उघडले होते. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं, त्यामुळं दोन आणि सात यांत केवढा फरक पडतो हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या आतच होती. चार ओळींची ही बातमी तेव्हाच वेबसाइटवर गेली. मध्यरात्री तो फोन उचलला गेला, कारण हा माणूस वर्षानुवर्षं त्या धरणावर जाऊन-येऊन आहे.

त्याला मिळतं काय? पेट्रोलही भागणार नाही एवढं मानधन, आणि वर दिवाळी अंकाचं, नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट. ज्या सरपंचाकडं, कारखान्याच्या ज्या संचालकाकडं जाहिरात मागायची, त्याच्याच कारभारावर दुसऱ्या दिवशी लिहायचं कुठल्या तोंडानं? माझ्या बरोबरीची चांगली पोरं याच कारणानं हे क्षेत्र सोडून गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रेसनोटची बातमी आता एआय करून देतं, मथळाही सुचवतं. करू दे की! तिथं वाचलेला पैसा तालुक्याकडं वळवा.

पैशाची अडचण खरीच आहे. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही निघत नाही. १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी डॉ. आंबेडकरांना राजर्षी शाहूंनी २,५०० रुपयांची मदत केली होती. आज असा पाठीराखा वाचकांतच शोधावा लागेल. त्यांच्याकडं उघडपणे जादा वर्गणी मागा, आणि ती कुणाच्या पगारावर खर्च झाली तेही छापा. माझ्या घरची वर्गणी मी आनंदानं वाढवून देईन.

आपल्या दैनिकानं निदान राधानगरी आणि शिरोळ या दोन तालुक्यांत पूर्णवेळ पगारी बातमीदार नेमावा आणि त्याला जाहिरातीच्या कामातून लेखी मोकळं करावं, ही विनंती.

– एक तरुण बातमीदार, शिवाजी पेठ, कोल्हापूर