सही करण्याआधी जॉबकार्ड वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या उपकरणांसाठी एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा वार्षिक देखभाल करार घ्यावाच, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. लेखकाने आकडेमोड नीट केली आहे, पण ती काउंटरसमोर उभं राहून केलेली वाटते. मी 26 वर्षं फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी दुरुस्त केले. त्यातली शेवटची 11 वर्षं असे करार सांभाळणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरची नोकरी केली. त्यामुळे हा विषय मला मशीनच्या मागच्या पत्र्याकडून माहीत आहे. तेवढंच लिहितो.

ग्राहकाला वाटतं, काय कव्हर होतं ते पावतीवर ठरलेलं असतं. प्रत्यक्षात ते ठरतं जॉबकार्डवर, म्हणजे दुरुस्तीवाला भरतो आणि ग्राहक सही करतो त्या कागदावर. ‘आढळलेला दोष’ असा दोन ओळींचा रकाना असतो. तिथे मी ‘मोटर बंद’ लिहिलं, तर पार्ट फुकट. ‘वायर कुरतडल्याने मोटर बंद’ लिहिलं, तर बिल ग्राहकाचं. दोन्ही वाक्यं खरीच असतात; मोटर बंद असते आणि उंदराने वायरही खाल्लेली असते. आमच्या धंद्यात त्याला ‘रॅट बाईट’ म्हणतात आणि बहुतेक करारांत ते वगळलेलं असतं. गंज, आत शिरलेलं पाणी, कमी-जास्त व्होल्टेज, ‘अयोग्य वापर’ हेही तसंच. प्लास्टिक, रबर आणि काच तर आधीच बाहेर. आता वॉशिंग मशीनमध्ये सगळ्यात आधी काय जातं? दाराचं रबर, पाण्याचा पाइप, बटणाचं प्लास्टिक.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एका निवृत्त गृहस्थांचं मशीन अचानक बंद पडलं होतं. मागचं झाकण काढलं, इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड बाहेर घेतला. बोर्डावर तिळाएवढा काळा डाग आणि त्याला चिकटलेली वाळून कडक झालेली पाल. बोर्डावरच्या तांब्याच्या दोन रेघांच्या मध्ये तिचा पाय पडला आणि शॉर्ट झालं, सरळ गोष्ट. त्यांनी तीन वर्षांचे पैसे एकदम भरले होते आणि हे दुसरं वर्ष होतं. मी सुपरवायझरला फोन केला. ‘फोटो पाठव,’ तो म्हणाला. पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं आणि मी जॉबकार्डवर लिहिलं, ‘बाह्य कारणामुळे बोर्ड निकामी’. गृहस्थांनी चष्मा लावून ते वाचलं.

‘बाह्य म्हणजे?’
‘बाहेरून आलेलं कारण, काका.’
‘अहो, पण पाल घरातलीच होती.’

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. बोर्डाचं बिल त्यांनी भरलं. करारातल्या शब्दांत मी काहीही खोटं लिहिलं नव्हतं, आणि मला आजही टोचतं ते हेच.

दुसरी गोष्ट वेळेची. वस्तूच्या वयाप्रमाणे बिघाड किती होतात याचा इंजिनिअर लोक एक आलेख काढतात, त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात, कारण तो टबासारखा दिसतो. नवीन वस्तूत बिघाड जास्त: कच्चं सोल्डर, सैल जोड, वाहतुकीत बसलेला धक्का. ते एकदा निपटलं की पुढे बरीच वर्षं सपाट तळ. मग वय झालं की पुन्हा चढ: बेअरिंग आवाज करू लागतं, सील गळतं, कपॅसिटर फुगतो. पहिला चढ कंपनीच्या मूळ वॉरंटीत निघून जातो. विकत घेतलेलं कव्हर सुरू होतं ती वॉरंटी संपल्यावर, पैसे मात्र पहिल्या दिवशीच घेतलेले असतात. आणि शेवटचा चढ येईतो हे कव्हरही बहुधा संपलेलं असतं. दहा-बारा वर्षांच्या मशीनचा नवा करार करायला गेलात तर समोरचा आधी मशीनचं वय विचारतो आणि मग दुसऱ्याच विषयावर बोलू लागतो. थोडक्यात, पैसे भरले जातात ते टबाच्या तळासाठी.

फ्रिजच्या दारावर ‘कंप्रेसरवर 10 वर्षं’ असं मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं असतं, तेही एकदा बारीक अक्षरांसकट वाचावं. पुष्कळदा ती हमी फक्त कंप्रेसर या वस्तूची असते. तो बसवण्याची मजुरी, त्यासोबत बदलावा लागणारा फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारी छोटी नळी) आणि नव्याने भरायचा गॅस हे सगळं वेगळं. ग्राहक ‘कंप्रेसर फुकट आहे ना?’ म्हणून फोन करतो आणि बिल बघून आमच्याशी भांडतो.

एसीचं तर विचारूच नका. ‘गॅस संपला’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं आणि मीही म्हटलं. गॅस संपत नसतो हो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती टाकून पुन्हा द्रव होतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधायची म्हणजे नायट्रोजन भरून दाब धरायचा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते बघायचं, ब्रेझिंग करायचं म्हणजे धातू वितळवून जोड बुजवायचा, व्हॅक्यूम काढायचा आणि मग गॅस वजनावर मोजून भरायचा. अर्धा दिवस जातो. गळती न शोधता नुसता गॅस भरून द्यायला वीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात माझ्या नावावर दिवसाला नऊ कॉल असायचे आणि संध्याकाळी किती कॉल ‘क्लोज’ झाले याची विचारणा व्हायची. मी काय करत असेन, ते वाचकांनी ओळखावं. मजा म्हणजे ग्राहकही खूश असायचा, कारण कव्हरमध्ये गॅस फुकट मिळाला! पुढच्या वर्षी पुन्हा तोच कॉल, पुन्हा तीच वीस मिनिटं. करार संपला की गळती ग्राहकाच्या पदरात.

आता हिशेब. समजा घरात चार उपकरणं आहेत, साधारण एकाच किमतीची. प्रत्येकाचं कव्हर वर्षाला किमतीच्या पाच टक्के धरा. पाच वर्षांत प्रत्येकावर किमतीचा पाव हिस्सा गेला. चार पाव म्हणजे एक अख्खं नवं उपकरण. तेवढ्या काळात चारांपैकी एखादं पूर्ण कामातून गेलं तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत. आणि भरलेले सगळे पैसे दुरुस्तीला जात नाहीत. दुकानातल्या विक्रेत्याचं कमिशन, फोनवर बोलणाऱ्यांचा पगार, सर्व्हिस सेंटरचा वाटा, माझा पेट्रोलचा खर्च आणि करार विकणाऱ्याचा नफा असं सगळं वजा होऊन जे उरतं, त्यातून पार्ट येतो. पार्टच मिळाला नाही तर? त्याचंही कलम असतं: घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून उरलेली रक्कम. सात वर्षांच्या मशीनची घसारा जाऊन काय किंमत राहते, ते भंगारवाल्याला विचारा.

हे सगळं मी ठासून बोलतो म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या धाकट्या बहिणीने नवा इन्व्हर्टर फ्रिज घेतला तेव्हा ‘कव्हरबिव्हर काही घेऊ नकोस’ असं मीच तिला सांगितलं. चौदाव्या महिन्यात मेन बोर्ड गेला. बोर्डाची किंमत ऐकून ती शांतपणे म्हणाली, ‘दादा, तुझ्या सव्वीस वर्षांचा मला काय उपयोग झाला?’ अर्धे पैसे मी दिले. तिच्या घरातल्या बाकीच्या कुठल्याच उपकरणाने त्यानंतर एकदाही त्रास दिलेला नाही, त्यामुळे चारांचा हिशेब धरला तर ती फायद्यातच आहे. पण हे तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.

या प्रसंगाने माझं मत थोडं मऊ झालं, एवढं कबूल करतो. जुन्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट, रिले, टायमर असे सुटे पार्ट असायचे. एकेक बदलता यायचा. आता सगळी अक्कल एका बोर्डात आहे, आणि बोर्ड गेला की बिल मोठं. ज्याला असं एक बिल एकदम झेपणार नाही, त्याने त्या एकाच वस्तूचं कव्हर घेतलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. तसंच ज्यांच्या घरी इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं किंवा जे वृद्ध एकटे राहतात, त्यांना पार्टपेक्षा माणूस वेळेवर येणं महत्त्वाचं. पण मग तक्रार नोंदवल्यापासून किती तासांत माणूस येणार आणि दुरुस्ती लांबली तर काय व्यवस्था, हे करारात लिहिलेलं आहे का ते बघा. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं असेल तर ती वेळ नव्हे. वॉटर प्युरिफायरची बात निराळी. त्याचे फिल्टर ठरल्या काळाने बदलावेच लागतात. तिथला करार हा विमा नसून आगाऊ भरलेले हप्ते आहेत. फिल्टरची सुटी किंमत विचारा आणि वजाबाकी करा.

बाकीच्यांनी कव्हरचे पैसे बाजूला ठेवावेत आणि एका रविवारी तासभर हात चालवावा. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर ती सहज सुटली तर तिथलं गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, सैल आहे. फ्रिजचा प्लग काढून मागची कॉइल मऊ ब्रशने झाडा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या खालच्या झाकणामागे फिल्टर असतो, आधी पाणी काढून तो उघडा. मला तिथे नाणी, केसांच्या पिना, एकदा तर कानातलं सापडलं आहे. ‘पाणी जात नाही’ म्हणून मी गेलेल्या कितीतरी कॉलमध्ये दोष एवढाच होता. मायक्रोवेव्हचं झाकण मात्र कुणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतला कपॅसिटर जीवघेणा भार धरून राहू शकतो.

लेखकाने ‘दुकानातच निर्णय घेऊन टाका’ असाही सल्ला दिला आहे. त्याला माझा सक्त विरोध आहे. नव्या वस्तूचे पैसे मोजताना माणसाचा हात सैल असतो आणि ‘वरचे एवढेसे’ काहीच वाटत नाहीत; विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये 2005 पासून याबद्दल नियम आहे: घरगुती विद्युत उपकरणांच्या अशा वॉरंटीची किंमत दुकानात वस्तूबरोबरच दाखवावी लागते, लेखी दिलेला भाव 30 दिवस टिकवावा लागतो, आणि दावा केला नसेल तर ग्राहक 45 दिवसांत ती रद्द करून सगळे पैसे परत घेऊ शकतो. असा नियम नसेल तिथे निदान एवढं करावं: अटींचा कागद मागून घरी न्यावा आणि ‘यात समाविष्ट नाही’ हे पान आधी वाचावं. कागद द्यायला विक्रेता कुरकुरला तर उत्तर तिथेच मिळालं.

आणि करार आधीच घेतला असेल, तर दुरुस्तीवाला जॉबकार्ड पुढे करेल तेव्हा ‘आढळलेला दोष’ हा रकाना वाचल्याशिवाय सही करू नका. खराब पार्टचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढून ठेवा. रकाना कोरा असेल तर तो तुमच्यासमोर भरायला लावा. मी कित्येक सह्या कोऱ्या रकान्याखाली घेतल्या आणि रकाना नंतर, खाली गाडीवर बसून भरला.

आपला,
एक निवृत्त दुरुस्ती तंत्रज्ञ
(नाव न छापण्याची विनंती)