दुसऱ्यांदा फिरवून शून्य दाखवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला टायरच्या दुकानांवरचा लेख वाचला. ‘अद्ययावत यंत्रं असलेलं दुकान निवडा’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. माझ्या नव्या टायरांची माती अशाच अद्ययावत यंत्रावर झाली.

नवे टायर बसवून निघालो आणि ताशी 80 किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. परत गेलो, तर ‘अलाइनमेंट करून घ्या’ म्हणाले. अहो, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन; ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला हादरे बसतात तेव्हा आधी बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून साधलेला चाकाचा तोल, बघायचं असतं. रोज हेच काम करणाऱ्यांना हे माहीत नसेल? तरी पैसे मोजले. थरथर होती तशीच.

शेवटी दुसऱ्या दुकानात चाकं उतरवली. तिथल्या कारागिराने रिम उलटी करून आतली बाजू दाखवली. वाळलेल्या चिखलाचा थर, आणि त्यावर वजनाच्या पट्टीचा चौकोनी ठसा. पट्टी चिखलावरच चिकटवलेली, ती कधीच गळून पडली होती! यंत्रावर त्या बाजूला 45 ग्रॅमचा फरक दिसला. त्याने रिम खरवडली, पुसली, नवी वजनं लावली आणि मी काही न बोलताच चाक पुन्हा फिरवलं. दोन्ही बाजूंना शून्य आल्यावरच ते उतरवलं. पहिल्या दुकानातलं यंत्र याच्यापेक्षा महागडं होतं, पण तिथे गिऱ्हाईकाला काचेपलीकडे बसवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की दुकान ओळखायचं ते या दुसऱ्यांदा फिरवण्यावरून, आणि ते आपल्याला यंत्राशेजारी उभं राहू देतात का यावरून. टायरवरच्या तारखेचं लेखात दिलंय ते बरोबरच आहे. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे 2324 असतील तर टायर 2024च्या 23व्या आठवड्यातला, हे प्रत्येकाने बघावंच.

आणि नटांचं काय? पहिल्या दुकानाने ते एअर गनने इतके आवळले होते की दुसऱ्या दुकानात जाण्याआधी एकदा पंक्चर झालं तेव्हा गाडीतल्या पान्यावर मी अक्षरशः उभा राहिलो, तरी नट हलला नाही. भर रस्त्यात, अंधारात, घरची माणसं गाडीत. नट किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने, द्यायचा असतो आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. जास्त आवळल्याने बोल्ट ताणले जातात, ब्रेकच्या डिस्कलाही धोका असतो. अख्ख्या लेखात टॉर्क पान्याचं नावसुद्धा नाही. पुढच्या रविवारी ते छापा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक